लोणारच्या काठावरचं होकायंत्र

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

सुरुवातीलाच एक प्रश्न. तुमच्यापैकी किती जण लोणारला जाऊन आलेत? हात वर करा जरा. बरेच आहेत. आता यातल्या किती जणांना तिथं कुणीतरी दगडाजवळ होकायंत्र धरून किंवा लोहचुंबक लावून दाखवलं? बघा, जवळजवळ तेवढेच हात राहिले.

मीही ते पाहिलंय. वाटाड्या खिशातून छोटं होकायंत्र काढतो, दगडाजवळ नेतो, सुई हलते. मंडळी "अरे वा!" म्हणतात. वाटाड्या सांगतो, बघा, हा आकाशातून आलेला दगड. आपण फोटो काढतो आणि दैत्यसूदनाच्या देवळाकडे निघतो.

आता अडचण अशी की, तेच होकायंत्र घेऊन तुम्ही सिंहगडावर गेलात, साताऱ्याला गेलात, अजिंठ्याच्या डोंगरात गेलात, तरी सुई हलू शकते. आपला दख्खनचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहाचं खनिज असतंच. ओढ्याच्या काठावरच्या काळ्या वाळूत चुंबक फिरवा, मिशा आल्यासारखा होतो. म्हणजे सुई हलली यावरून दगड लोहयुक्त आहे एवढं कळलं. तो आकाशातून आला हे नाही कळलं.

मी त्या वाटाड्याला नावं ठेवत नाहीये, हे आधीच सांगतो. उलट तो सगळ्या परिसरातला एकमेव माणूस आहे जो लोकांसमोर प्रयोग करून दाखवतो. त्याच्याजवळ फक्त दुसरा दगड नाही. दहा-वीस किलोमीटरवरून आणलेला साधा दगड शेजारी ठेवला असता आणि दोन्हीकडे सुई नेली असती, तर तोच खेळ शिकवणारा झाला असता. आणि हा दुसरा दगड विसरण्याची चूक काही त्याच्या एकट्याची नाही. एकोणिसाव्या शतकातल्या एका फार मोठ्या भूवैज्ञानिकालाही चुंबकाच्या सुईनं असंच चकवलं होतं. फक्त त्याची सुई हलली नाही.

ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातलं अतिशय आदराचं नाव. १८९१ मध्ये तो ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या एका विवरापाशी गेला. तेव्हा त्याला कून ब्यूट म्हणायचे, आज जग मिटिऑर क्रेटर म्हणून ओळखतं. व्यास साधारण १.२ किलोमीटर. आजूबाजूला लोखंडी अशनींचे तुकडे पडलेले. कुणालाही वाटेल की आकाशातून काहीतरी पडलं आणि खड्डा झाला. गिल्बर्टच्याही मनात ते होतं. पण हा माणूस शिस्तीचा. त्यानं दोन कसोट्या ठरवल्या. एक, एवढा मोठा लोखंडी गोळा जमिनीखाली पुरला गेला असेल तर चुंबकाची सुई तिकडे ओढली जाईल. दोन, त्या गोळ्यानं खाली जागा अडवली असेल, तर काठावर साचलेला राडारोडा परत खड्ड्यात भरल्यावर उरेल.

सुई हलली नाही. आणि राडारोडा मोजला तर खड्ड्याएवढाच भरला.

गिल्बर्टनं निष्कर्ष काढला: हा वाफेचा स्फोट. खालून ज्वालामुखीची उष्णता, वर पाणी, आणि कोंडलेल्या वाफेनं जमीन उडवली. १८९६ मध्ये त्यानं यावर 'सायन्स' या नियतकालिकात निबंध छापला. विषय होता, वैज्ञानिकाच्या मनात अनुमानं जन्माला येतात कशी. आणि तिथं, आपल्या बाजूला जगातलं दुसरं उदाहरण म्हणून, त्यानं कुठलं नाव घेतलं असेल? आपलं लोणार! दख्खनच्या पठारावर असाच गोल खड्डा आहे, तोही असाच झाला असावा.

म्हणजे ही दोन्ही विवरं एकमेकांचा हात धरून चुकीच्या रांगेत उभी राहिली. गंमत पाहा, याच गिल्बर्टनं १८९३ मध्ये चंद्रावरची विवरं आघातानं झालीत असं मांडलं होतं. चंद्राबाबत बरोबर आणि पायाखालच्या जमिनीबाबत चूक. कारण? कसोट्या चोख होत्या, पण दोन्हींच्या मुळाशी एक न तपासलेलं गृहीत होतं, की आदळणारा गोळा जवळपास खड्ड्याएवढा असणार आणि तो खाली शाबूत असणार. सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं येणारी वस्तू आदळताना स्वतःच बहुतांशी वितळून, वाफ होऊन जाते, पन्नासेक मीटरचा तुकडा किलोमीटरभराचं विवर करू शकतो, हे गणित तेव्हा कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतं. पुढे बॅरिंजर नावाच्या खाणमालकानं, आघात झालाय हे बरोबर ओळखून, तो लोखंडाचा साठा काढायला कितीतरी वर्षं आणि पैसे त्या विवरात ओतले. त्याचंही गृहीत तेच. १९२९ मध्ये गणित करून त्याला सांगण्यात आलं की खाली फारसं काही उरलेलं नसणार. त्याच वर्षी तो वारला.

आता लोणारकडे येऊ.

लोणार भूविज्ञानाच्या पुस्तकात येण्याआधी कितीतरी शतकं लोकांच्या व्यवहारात आहे. 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात त्याची नोंद आहे: काच आणि साबण करायला लागणारं सामान तिथं मिळतं. म्हणजे लोकांनी ते पाणी चाखून, आटवून, वापरून पाहिलं होतं. खारं तर आहेच, शिवाय सोडायुक्त, सामू दहाच्या आसपास. तीर्थक्षेत्र म्हणून तर त्याची ओळख आहेच. काठावर देवळं, आत उतरल्यावर कमळजादेवी. आणि लवणासुराची कथा. तो दैत्य जमिनीखालच्या गुहेत राहायचा, विष्णूनं त्या गुहेवरचं झाकण उडवून दिलं आणि त्याला मारलं. मी पुराणात विज्ञान शोधणाऱ्यांपैकी नाही. पण त्या कथेत एक प्रश्न आहे जो चांगला भूवैज्ञानिक पहिला विचारतो: इथं जे होतं ते गेलं कुठं?

१८२३ मध्ये अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर जे जे आले त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सरळ विचार केला. चहूबाजूंनी लाव्हाचे थर, मध्ये गोल खड्डा, मग ज्वालामुखीच. यात वेडेपणा काहीच नव्हता. तुम्ही-आम्ही असतो तरी तेच म्हटलं असतं. फक्त एक गोष्ट टोचत होती. दख्खनचे लाव्हा वाहायचे थांबले साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास. खड्डा मात्र ताजा दिसतो, काठ अजून उभा आहे. आणि या खड्ड्यातून नंतर बाहेर आलेला नवा लाव्हा कुठेच सापडत नाही. मग कुणी वाफेचा स्फोट म्हणालं, कुणी जमीन फुगून खचली म्हणालं. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात ला टूश आणि क्रिस्टी यांचा सविस्तर अभ्यास आला, तरी चौकट तीच राहिली, जे काही झालं ते खालून झालं.

वरून झालं असेल हे म्हणायला बळ आलं ते १९६० मध्ये, आणि तेही लोणारला नाही. ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट सापडलं. वाळूतलं साधं क्वार्ट्झ, पण प्रचंड दाबाखाली बदललेलं. ज्वालामुखी इतका दाब पृष्ठभागापाशी देऊ शकत नाही. युजीन शूमेकर हे नाव इथं लक्षात ठेवा. लगेच नंतर शूमेकर आणि चाओ यांनी जर्मनीतल्या रीस नावाच्या खोऱ्यातले दगड तपासले. सुमारे २५ किलोमीटर रुंद खोरं, त्यालाही सगळे ज्वालामुखीच म्हणत. तिथंही कोएसाइट.

मग लोणारची पाळी आली. १९६४ मध्ये ते आघातविवर असावं असं परदेशी संशोधकांनी मांडलं. पण इथं एक पेच होता. कोएसाइट क्वार्ट्झपासून होतं आणि आपल्या बेसाल्टात क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच! म्हणजे जगभर चाललेली चावी आपल्या कुलुपाला लागत नव्हती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतली स्मिथसोनियन संस्था यांनी मिळून काम केलं, सरोवराच्या तळाला छिद्रं पाडली. तीनशे मीटरहून खोल भागात चिरडलेल्या कातळाचे नमुने निघाले आणि त्यात सापडलं मॅस्केलिनाइट. बेसाल्टातल्या फेल्डस्पार या खनिजाची काच झालेली, पण वितळून नाही. स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच, आतली मांडणी मात्र धक्क्यानं मोडलेली. हे असं फक्त आघातात होतं. १९७३ मध्ये 'सायन्स'मध्येच फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध आला. ज्या नियतकालिकात गिल्बर्टनं लोणारला वाफेच्या खात्यात टाकलं होतं, त्याच नियतकालिकात ७७ वर्षांनी त्याची त्या खात्यातून सुटका झाली.

आणि बेसाल्टाचा तो पेचच लोणारची किंमत ठरला. चंद्राचे काळे डाग बेसाल्टाचे, मंगळाचा मोठा भाग बेसाल्टाचा. तिथली विवरं समजून घ्यायला पृथ्वीवर बेसाल्टातलं, आणि इतकं चांगलं टिकलेलं विवर हवं, तर बुलढाणा जिल्ह्यात यावं लागतं.

इतका इतिहास का सांगितला? तर तिन्ही विवरांची कहाणी एकच आहे: आधी ज्वालामुखी, मग वाद, मग पुरावा. आज तिन्ही ठिकाणी पर्यटक जातात. ते काय घेऊन परततात, हा माझा आजचा खरा विषय.

ॲरिझोनाचं विवर अजूनही बॅरिंजर कुटुंबाच्या कंपनीच्या मालकीचं आहे. तिकीट आहे, संग्रहालय आहे. मला यातलं आवडतं ते हे की घराण्याच्या मूळपुरुषाचं फसलेलं खोदकाम लपवलेलं नाही. ते त्या जागेच्या कहाणीचाच भाग आहे.

रीसचा नमुना आणखी वेगळा. नर्डलिंगन हे जुनं, तटबंदीचं गाव विवराच्या आतच वसलंय. तिथलं सेंट जॉर्ज चर्च ज्या दगडाचं बांधलंय तो सुएव्हाइट, म्हणजे त्या आघातातच घडलेला दगड. लोक पाचशे वर्षं त्या चर्चमध्ये प्रार्थना करत होते आणि पुरावा भिंतीत होता. १९७० मध्ये अपोलोचे अंतराळवीर तिथं दगड ओळखायला शिकायला गेले होते. १९९० मध्ये गावातल्या एका जुन्या कोठारात विवराचं संग्रहालय उघडलं. परिसरातल्या बंद पडलेल्या दगडखाणींत माहितीच्या वाटा आखल्या. आणि २०२२ मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक भूउद्यानाचा दर्जा दिला.

भूउद्यान या कल्पनेबद्दल दोन शब्द. १९९१ मध्ये फ्रान्समधल्या दीन्य गावी पृथ्वीच्या स्मृतीच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. २००० मध्ये फ्रान्स, ग्रीस, जर्मनी आणि स्पेनमधल्या चार प्रदेशांनी जाळं उभारलं, २०१५ पासून युनेस्कोचा अधिकृत कार्यक्रम झाला. यात अट अशी की नुसता दगड महत्त्वाचा असून चालत नाही. तिथं शिक्षण चाललं पाहिजे आणि स्थानिक लोकांचं पोट त्यावर भरलं पाहिजे. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, टॉमस होज या ब्रिटिश अभ्यासकानं भूपर्यटनाची व्याख्या केली. तिचा गाभा एवढाच: पाहणाऱ्याला 'किती सुंदर!' याच्या पलीकडे नेणारी सोय. भारतात आज मी हे बोलतोय तोवर युनेस्कोचं एकही भूउद्यान नाही.

आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं जाहीर केली आहेत. बंगळुरूच्या लालबागेतला खडक, उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटावरचे दगडी खांब, आणि आपलं लोणार. पण स्मारक जाहीर करणं वेगळं आणि त्याला पुरातत्त्वासारखं कायद्याचं संरक्षण असणं वेगळं. २०२२ च्या डिसेंबरात खाण मंत्रालयानं भूवारसा विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला, म्हणजे तोवर असा स्वतंत्र कायदा नव्हता. लोणारच्या एका वर्तुळात बघा किती धनी आहेत: देवळं पुरातत्त्व खात्याकडे, जंगल वन खात्याकडे, २०२० पासून सरोवर रामसर यादीत पाणथळ जागा म्हणून. देवळाला रक्षक आहे, मोराला आहे, पाण्याला आहे. दगडाला?

आणि हा भावनेचा प्रश्न नाही. लोणारला आपण काय पाहतो? पाणी. काठावर उभं राहून खाली बघतो. पण शिकण्यासारखं बरंच काही आपल्या पायाखाली आणि पाठीमागे आहे. विवराच्या भिंतीत लाव्हाचे थर दिसतात. दख्खनमध्ये हे थर जवळजवळ आडवे असतात, सह्याद्रीत तुम्ही पाहिलेत. लोणारच्या काठाशी ते बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, काही ठिकाणी तर चक्क उलटे झालेत, पुस्तकाचं पान उलटावं तसे. हे शाळकरी मुलाला दाखवा. त्याला कोएसाइट नको, मॅस्केलिनाइट नको. आडवा थर कुणी उचलला, एवढंच विचारा. मग पाठ फिरवा आणि काठापासून बाहेर चालायला लागा. किलोमीटरभराहून जास्त अंतरापर्यंत, शेतांखाली, वस्तीखाली, त्या दिवशी उडालेला राडारोडा पसरलेला आहे. लवणासुराचं झाकण म्हणा हवं तर. दिसायला तो मुरमासारखा. जेसीबीवाल्याला काय, रस्त्याच्या कंत्राटदाराला काय, त्यात आणि दुसऱ्या मुरमात फरक कळायचं कारण नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नाही. सरोवराभोवती कुंपण घातलं आणि बाहेरचा थर भरावात गेला, तर पुरावा गेला आणि देखावा राहिला.

लोकांना एवढं खोल नको असतं, हा आक्षेप मी नेहमी ऐकतो. मी २०२० चा जून आठवून देतो. लोणारचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीत घरात बसलेल्या सगळ्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर ते फोटो. शैवाल, प्रदूषण, दैवी कोप, सगळे तर्क झाले. मग नमुने तपासायला गेले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं सांगितलं की खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा हा रंग. पाणी आटलं, क्षार वाढले, ते फोफावले. पावसाचं पाणी मिसळल्यावर रंग परत पालटला. लोकांनी हे सगळं, शेवटपर्यंत, आवडीनं वाचलं. कारण त्यांना आधी कोडं मिळालं आणि मग उत्तर. आपल्या फलकांवर आपण कोड्याशिवाय उत्तर लिहितो. 'उल्कापातानं तयार झालेले जगप्रसिद्ध सरोवर.' संपलं. दीडशे वर्षं हुशार माणसं इथं येऊन वेगळंच म्हणत होती, हे त्यात कुठंय?

माझी मागणी फार खर्चाची नाही. त्या वाटाड्यांना बोलवा, काठावर दोन दिवस चालवा, उलटा थर दाखवा. आणि प्रत्येकाला होकायंत्राबरोबर एक दुसरा दगड द्या. मेहकरचा, जालन्याचा, कुठलाही. पाहुण्याला आधी विचारू द्या, कुठला दगड आकाशातला? दोन्हीकडे सुई हलली की पाहुणा गोंधळेल. तिथून गिल्बर्टची गोष्ट सुरू होते.

थांबतो. एखादा प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: लोणारचं वय काही ठिकाणी ५२ हजार वर्षं लिहितात, काही ठिकाणी पावणेसहा लाख. फलकावर नक्की काय लिहायचं?)

चांगलं पकडलंत. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतूनच आलेत. ५२ हजार, सहा हजार इकडेतिकडे, हा १९९७ चा. आघातात वितळून झालेल्या काचेत नंतर किरणोत्सारामुळे साठत गेलेली ऊर्जा तापवून मोजतात, त्यावरून काढलेला. ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडेतिकडे, हा २०११ चा. पोटॅशियमपासून तयार होणाऱ्या आर्गॉन वायूवरून. पहिल्या पद्धतीत साठलेली ऊर्जा गळून गेली तर वय कमी दिसतं. दुसरीत आधीचा जुना आर्गॉन आघाताच्या वेळी पूर्ण निघून गेला नसेल तर वय जास्त दिसतं, पण २०११ च्या अभ्यासात तो हिशेबात धरलाय. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पर्यटनाच्या मजकुरात मात्र अजून बहुतेक पहिलाच चालतो.

फलकावर दोन्ही लिहा. आणि प्रत्येकाखाली एक ओळ, हा आकडा दगडातलं काय मोजून काढला. जागा उरली तर तिसरी ओळ कोरी ठेवा.